शनिवारपुरता कुत्रा

अगं, तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला आला तेव्हा मी जागीच होते. उत्तर मुद्दाम दिलं नाही. असलं काही अंगठ्याने टाइप करून सांगू नये. आज दुपारी ओटा आवरला, चहा घेतला आणि निवांत बसले लिहायला.

तू विचारलंस, “ताई, शनिवार-रविवारपुरता भाड्याने कुत्रा आणला तर चुकीचं आहे का गं?” आणि खाली कारणंही लिहिलीस. ऑफिसमधल्या कुणीतरी हे नवीन सुरू केलंय, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरायचे, शुक्रवारी संध्याकाळी कुत्रा घरी येणार, सोमवारी सकाळी परत जाणार. खाणं त्यांचं, लस त्यांची, डॉक्टर त्यांचा. पूर्णवेळ पाळणं तुला जमण्यासारखं नाही. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, कधी अचानक बंगळुरू, घर भाड्याचं. हे सगळं मला पटलं. पण शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. “रूममेट गेल्यापासून दार उघडल्यावर आत कुणीतरी असावं एवढंच वाटतं.”

ही ओळ लिहिताना तुला संकोच वाटला असेल तर तो आधी काढून टाक. एकटं वाटणं हा दोष नाही, आणि त्यासाठी कुत्रा हवासा वाटणं हा तर मुळीच नाही. पण तुला बरं वाटेल का, असं तू विचारलेलं नाहीस. चुकीचं आहे का, असं विचारलंयस. मग मला कुत्र्याच्या बाजूनेही बोलावं लागेल.

तुला मोत्या आठवतो का? नसेलच आठवत, तू जेमतेम चार वर्षांची होतीस. आजोळी, देवरुखजवळच्या वाडीत, मे महिन्यात आम्ही आठ-नऊ पोरं जमायचो. मोत्या तसा वाडीचा, पण महिनाभर तो आमचा असायचा. आम्ही पऱ्यावर गेलो की पऱ्यावर, आंब्याखाली बसलो की आंब्याखाली. आपल्या ताटातली भाकरी त्याला चोरून द्यायची ही माझी ठरलेली कामगिरी. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही फाट्यावर एसटीला उभे राहायचो, तो गाडीमागे वळणापर्यंत धावायचा. आम्ही मागच्या काचेतून हात हलवायचो, रडायचो, आणि चिपळूण यायच्या आत बोरकुटावरून भांडायला लागायचो.

सातवीत असताना एकदा मी आजीला विचारलं, आम्ही गेल्यावर मोत्या काय करतो? आजी तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, “आठ-दहा दिवस फाट्यावर जाऊन बसतो. दुपारची गाडी आली की उठतो, गेली की बसतो. मग तुझा मामा जाऊन घेऊन येतो.”

त्या वर्षी मला परतीच्या एसटीत बसवेना. आणि बघ, मोत्याला तरी मामा होता. मागच्या पडवीत त्याची जागा होती, ओळखीच्या हातची भाकरी होती. आपण अर्धवेळ होतो, पण त्याचं घर पूर्णवेळ होतं. एवढं लक्षात ठेव, मी पुन्हा इथे येणार आहे.

आता तू म्हणशील, ताई, हे भावनेचं झालं. मग हंगेरीतल्या संशोधकांनी काय बघितलं ते सांगते. लहान मूल आईला किती बिलगलंय हे तपासायची मानसशास्त्रात एक जुनी पद्धत आहे. मुलाला अनोळखी खोलीत ठेवायचं, आई बाहेर जाते, परका माणूस येतो, आई परत येते, आणि मूल कुणाकडे धावतं ते बघायचं. १९९८ साली बुडापेस्टच्या संशोधकांनी हीच चाचणी कुत्रा आणि मालकावर करून बघितली, आणि कुत्री बरीचशी लहान मुलांसारखीच वागली. पण माझ्या मनात घर करून राहिला तो त्यांचा पुढचा, २००१ सालचा प्रयोग. या वेळी त्यांनी निवाऱ्यातली बेवारस, मोठी झालेली कुत्री घेतली. एका माणसाने त्यांच्याबरोबर फक्त तीन वेळा, दर वेळी दहा मिनिटं घालवायची. थोडं फिरवायचं, खेळायचं, कुरवाळायचं. मग तीच चाचणी. त्या कुत्र्यांनी त्या माणसाला आपलं मानलं होतं. दारापाशी त्याची वाट बघत होती, तो आला की त्याच्याकडेच जात होती.

अर्धा तास गं. सगळा मिळून अर्धा तास. तू तर शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ म्हणते आहेस.

तुझ्या त्या ऑफिसवाल्याने ही नवी कल्पना म्हणून सांगितली असेल, पण ती नवी नाही. २००७ साली अमेरिकेत सॅन डिएगोला एका बाईंनी फ्लेक्सपेट्झ नावाची कंपनी काढली होती. वर्षाची वर्गणी शंभर डॉलरच्या आसपास, महिन्याचे पन्नासएक, आणि कुत्रा नेशील त्या दर दिवसाचे चाळीसपर्यंत. ग्राहक तुझ्यासारखेच होते, छोट्या घरातले, सतत फिरतीवरचे, कुत्र्यांवर मनापासून प्रेम करणारे. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, लंडनपर्यंत तिचं नाव गेलं. बाईंचा हेतूही वाईट नव्हता. त्या विशेष मुलांबरोबर काम करायच्या, आपल्या कुत्र्यामुळे मुलं खुलतात हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं, आणि कंपनीतल्या कित्येक कुत्र्यांना त्यांनी निवाऱ्यातूनच आणलं होतं. तरी २००८ मध्ये बॉस्टन शहराने पाळीव प्राणी भाड्याने देण्याच्या धंद्यावर बंदी घातली. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यात आज कुत्री भाड्याने देणं मनाई आहे. कामाची आणि मदतनीस कुत्री त्यातून वगळली आहेत. कंपनी फार वर्षं टिकलीही नाही.

कायदा झाला म्हणून ती गोष्ट वाईट, असं मी म्हणणार नाही. तूही तेवढ्यावर ऐकणारी नाहीस, मला माहीत आहे. तू वाद घालशील आणि तो वाद चांगला असेल. तू म्हणशील, आपल्याकडे नांगरणीला बैल भाड्याने आणतातच की. माथेरानला आपण दोघी घोड्यावर बसलो नव्हतो का?

बसलो होतो. आणि बैलांचं म्हणशील तर आपल्याकडची सावड आठव. आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या. पण संध्याकाळी ते बैल आपल्याच गोठ्यात, आपल्याच दावणीला परत. भाड्याने जायचं ते त्यांचं बळ. त्यातही हाल होतातच. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, त्याच्यामागे घोड्यांचे हालच होते. पण बैलाने किंवा घोड्याने आपल्यावर जीव लावावा म्हणून तू पैसे मोजत नाहीस. कुत्र्याच्या बाबतीत नेमकी तीच गोष्ट तू विकत मागते आहेस. शेपटी हलवत दाराशी यावं, पायाशी झोपावं, तू रडलीस तर हनुवटी मांडीवर ठेवावी. म्हणजे त्याचं जीव लावणंच तासांवर भाड्याने. आणि सोमवारी ते परत करायचं, मंगळवारी दुसरीकडे पुन्हा लावायचं.

आता एक कबूल करते, नाहीतर हे बोलणं एकतर्फी होईल. अमेरिकेतच २०१९ मध्ये एक अभ्यास छापून आला. पाच निवाऱ्यांमधली दोनशेच्या वर कुत्री एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या तरी घरी पाठवली, आणि त्यांच्या मूत्रातलं ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, आधी, त्या रात्री आणि परत आल्यावर मोजलं. घरी असताना ते कमी झालं. कुत्री सलग, शांत झोपली. परत आल्यावर ते पुन्हा आधीएवढं झालं, त्याच्या वर मात्र गेलं नाही. म्हणजे दोन दिवसांचं घरसुद्धा कुत्र्याला विसावा देतं. मी हे वाचलं तेव्हा गप्प बसले. कारण मग तुझा शनिवार-रविवार काय वाईट?

सकाळपासून हाच विचार डोक्यात होता. भाजी चिरताना, बसमध्ये. आणि मग हवाईतल्या कौआई बेटावरच्या प्राणी-निवाऱ्याची गोष्ट आठवली. तिथे आलेले पर्यटक निवाऱ्यातला कुत्रा दिवसभर फिरायला नेऊ शकतात. समुद्रावर न्या, डोंगरात न्या, संध्याकाळी परत आणा. वरवर पाहिलं तर हेही तुझ्या भाड्यासारखंच, आणि निवाऱ्याला देणगीही मिळते. पण त्या कुत्र्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, मला दत्तक घ्या. तो फिरतो तो कुणाच्या तरी नजरेत भरावा म्हणून. त्याला कायमचं घर मिळालं तर निवाऱ्याला आनंद होतो, एक पिंजरा रिकामा होतो.

भाड्याच्या धंद्यात नेमकं उलटं आहे बाय. तिथला सगळ्यात प्रेमळ, सगळ्यात गोड कुत्रा हा सगळ्यात जास्त कमावणारा. त्याला कुणी कायमचं घरी नेलं तर मालकाचं नुकसान. तो जितके दिवस बेघर राहील तितके दिवस धंदा चालणार. तो माणूस दुष्ट असायची गरज नाही. भला माणूस असला तरी त्याचा हिशोब कुत्र्याच्या घराच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. मला यातलं चुकीचं नेमकं इथे दिसतं. चार घरांशी ओळख होणं कुत्रा सोसतो, काही कुत्र्यांना ते आवडतंही. पण ज्याच्याकडे तो शेवटी परततो त्यालाच त्याला घर मिळू नये असं वाटत असेल, तर त्या कुत्र्याचा मामा कोण?

माझं खरं वाटत नसेल तर पैसे भरण्याआधी त्या माणसाला फोन कर आणि सोमवार ते गुरुवार तो कुत्रा कुठे झोपतो ते विचार. त्याची जागा बघायला येऊ का म्हण. महिन्यात किती घरं? एखाद्या घरी जायला तो तयार नसेल, गाडीत चढेना, शेपटी पायात घालून बसला, तर त्याला पाठवतात का ठेवतात? आणि हे विचारायला विसरू नकोस, तो आठ-नऊ वर्षांचा झाला, सांधे आखडले, डोळ्यात मोतीबिंदू आला, गिऱ्हाईक कमी झालं, मग त्याचं काय? कुत्रा दहा-बारा, कधी तेरा-चौदा वर्षं जगतो. तीन महिन्यांची वर्गणी घेणारा त्याच्या तेराव्या वर्षाचा विचार करून बसलाय का? प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण बंद पडलेल्या धंद्याच्या मागे कोण जातं बघायला?

बरं, तुला मी नुसतं नाही म्हणून सोडणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कुत्री तीन आठवडे राहून गेली. तुला फोटो पाठवले होते. पायाचं ऑपरेशन झालेली, भुरकट, गावठी. संस्थेच्या लोकांनी फॉस्टर म्हणून ठेवाल का विचारलं आणि मी हो म्हटलं. तूही विचारशील, ताई, मग तू नाही का तिचा जीव लावून घेतलास आणि दिलीस सोडून? हो, दिली. तो दिवस वाईट गेला. पण माझ्यानंतरचं घर तिचं शेवटचं होतं. त्या घरचे लोक आधी दोनदा येऊन गेले, दुसऱ्या वेळी तिला त्यांच्यासोबत चालवून आणलं, आणि जाताना तिची सतरंजी मी मुद्दाम न धुता दिली, ओळखीचा वास राहावा म्हणून. माझ्या हातून एक चूक झाली तीही सांगते. पहिल्याच रात्री ती कण्हायला लागली आणि मी तिला पलंगावर घेतलं. नव्या घरी पलंगावर घेत नव्हते, बिचारीने आठ रात्री पलंगाच्या पायाशी उभं राहून काढल्या. आपण थोड्या दिवसांचे असू तर सवयी पुढच्या घराच्या लावायच्या, आपल्या सुखाच्या लावायच्या नाहीत. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुला सांगते.

तू पुण्यात आहेस. तिथे रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारखी संस्था २००७ पासून जखमी आणि बेवारस प्राण्यांचं काम करते आहे, इतरही लहान गट आहेत. तिथे जाऊन भेट. एकदम कुत्रा मागू नकोस. आधी दोन-तीन रविवार नुसती मदतीला जा, पाणी भर, फिरवून आण. नंतर घरमालकिणीला विचारून फॉस्टरचं बघ. बंगळुरूला जायचा आठवडा नसेल असाच महिना निवड. आणि संस्थेला सरळ सांग की मला कायमचा जमणार नाही. त्यांना असं स्पष्ट सांगणारी माणसंच हवी असतात.

पण त्याहून जवळचा एक रस्ता मला तुझ्याच बोलण्यात सापडला. दुसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यांच्याकडे लॅब्रेडॉर आहे असं तू दिवाळीत म्हणाली होतीस. तो दिवसभर बाल्कनीतून खाली बघत असतो म्हणून तुला वाईट वाटलं होतं. लंडनमध्ये २०१२ साली बॉरोमायडॉगी म्हणून एक उपक्रम याच गोष्टीतून सुरू झाला. एका बाईने ओळखीच्यांचा तपकिरी लॅब्रेडॉर एक दिवस सांभाळला. तिला कुत्रा मिळाला, कुत्र्याला फिरणं मिळालं, मालकाला उसंत. मग तिने अशा मालकांची आणि कुत्र्यावाचून राहणाऱ्यांची गाठ घालून द्यायला सुरुवात केली. सभासद व्हायची वर्गणी असते, पण कुत्र्याच्या दिवसाचं भाडं कुणी कुणाला देत नाही. नाव इंग्रजी असलं तरी मला ती आपली सावडच वाटली. तो कुत्रा उधार गेला तरी त्याचा गोठा ठरलेला आहे. शनिवारी तुझ्या घरी लोळेल आणि रात्री दोन मजले उतरून आपल्याच माणसाकडे जाईल. मोत्यासारखा. तुला अर्धवेळच राहायचं असेल तर ज्याचं घर पूर्णवेळ आहे अशा कुत्र्याची अर्धवेळ हो.

तिथेही एक पथ्य पाळ. जमेल तेवढंच कबूल कर, पण कबूल केलेलं मोडू नकोस. शनिवार सकाळी सात म्हटलं की सात. कुत्र्याला वार कळत नसतील, पण सातला तो दाराशी येऊन बसायला लागेल, तिसऱ्याच आठवड्यात बघ. तुला सिनेमाला जायचं असेल तर आदल्या दिवशी काकांना सांग, म्हणजे ते त्याची दुसरी काहीतरी सोय करतील. हीच गोष्ट सोसायटीच्या गेटजवळच्या कुत्र्यांची. खायला घालायचं असेल तर रोजच्या ठरलेल्या वेळी, मुलं खेळतात ती जागा आणि जिने सोडून. २०२३ च्या नियमांतही असंच म्हटलंय. आणि नसबंदी, लस झाली आहे का ते आधी बघ. मन आलं तेव्हा बिस्किटाचा पुडा टाकायचा आणि मग पंधरा दिवस फिरकायचं नाही, हे नको.

तुझ्या शेवटच्या ओळीबद्दलही बोलायला हवं. दार उघडल्यावर आत कुणीतरी असावं, ही अपेक्षा एका कुत्र्यावर टाकणं मला जड वाटतं, तो भाड्याचा असो की दत्तक घेतलेला. त्याला ती पेलते, तो कधी तक्रार करत नाही, म्हणून तर आपण त्याच्यावर टाकतो. पण तुझ्या एकटेपणाचा काही भाग माणसांनी उचलायचा आहे. माझ्यासकट. रूममेट गेल्यापासून मी तुला किती वेळा फोन केला ते मोजलं. चार वेळा. त्यातले दोन आईच्या रिपोर्टसाठी. हे माझं चुकलं.

तेव्हा त्या माणसाला पैसे भरू नकोस. रविवारी सकाळी काकांकडे जा, रिकाम्या हाताने जाऊ नकोस, पण कुत्र्यासाठी काही नेऊ नकोस, काकूंसाठी फुलं ने आणि त्याला काय चालतं ते आधी विचार. आणि संध्याकाळी दार उघडून आत गेलीस की मला फोन लाव. साडेसात ते आठ मी भाजी निवडत असते, स्पीकरवर बोलता येतं.